लोविसाचे कपडे

१

सकाळची भांडी विसळून झाली की मर्ना तळघरात उतरायची. तेच तिचं दुकान. वर स्वयंपाकघर आणि बरोबर त्याच्या खाली ही खोली. कोपऱ्यात घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर, भिंतीलगत कपड्यांनी लगडलेल्या दोन लांब दांड्या, मधोमध टेबल, त्यावर संगणक, वजनकाटा आणि चिकटपट्टीची रिळं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या दुलूथ बंदरात हिवाळ्यात तलाव गोठतो, जहाजांची ये-जा थांबते आणि माणसांना घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्यापलीकडे फारसं काम उरत नाही. मर्नाला मात्र त्याच दिवसांत डोकं वर काढायला फुरसत नसायची. थंडी पडली की देशभरातल्या बायकांना जुने, जाडजूड, खऱ्या लोकरीचे कपडे आठवायचे, आणि ते मर्नाकडे असायचे. चर्चच्या विक्रीतून, म्हाताऱ्या माणसांच्या आवरल्या जाणाऱ्या घरांतून ती ते वेचून आणायची.

काम ठरलेलं. कपडा वाफेने सरळ करायचा, हँगरला लावून खुंटीवर अडकवायचा, पुढून-मागून फोटो काढायचे, छाती, बाही, उंची मोजायची. कुठे कसर लागली असेल तर तेही लपवायचं नाही. पुढचं सगळं सॉफ्टवेअरकडे. हँगर, खुंटी, भिंत ते पुसून टाकायचं, वर्णन लिहायचं, माल चार-पाच साइटवर एकदम चढवायचं आणि एका ठिकाणी खपला की बाकीच्या ठिकाणांहून उतरवायचं. या धंद्यातली तिची मैत्रीण ट्रूडी हे सगळं हाताने करायची तेव्हा तिने एकच कोट दोघींना विकून दोघींच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

यंदा त्यात एक नवी सोय आली होती. हँगरवरचा कपडा दाखवला की सॉफ्टवेअर तो एका बाईच्या अंगावर चढवून द्यायचं. बाई खरी नव्हे, यंत्राने घडवलेली. चित्र हनुवटीखाली कापलेलं, हात सरळ खाली सोडलेले, मागे पांढरं.

"शिक्षेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या दिसतात गं सगळ्या!" ट्रूडी फोनवर खिदळली. "पण खपतात बघ. माणसाला अंगात माणूस घातलेला कपडाच आवडतो."

मर्नाही हसली होती. त्या दिवशी हसायला काही हरकत नव्हती.

२

मर्नाची हयात एका दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांना "बसा हं, बोलावतील" असं सांगण्यात गेली. लग्न झालं ते केस पिकल्यावर. आर्विड विधुर. खनिज वाहणाऱ्या जहाजांवर इंजिनखोलीत जन्म काढलेला, मितभाषी, नीटनेटका माणूस. त्याच्या घरात ती राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की कागदोपत्री घर आर्विडचं असलं तरी लोकांच्या तोंडी ते त्याच्या पहिल्या बायकोचं, लोविसाचं आहे. लोविसाचं स्वयंपाकघर, लोविसाने लावलेलं सफरचंदाचं झाड, लोविसाच्या हातचा वेलदोड्याचा गोड पाव. लोविसा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती घरातून बाहेर पडल्याचं कुणी मान्यच केलं नव्हतं.

जिवंत सवत असती तर चार शब्द सुनावता आले असते. मेलेल्या सवतीचं काय करायचं? ती म्हातारी होत नाही, तिची भाजी करपत नाही, ती घोरत नाही. मर्नाने पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला बारीक पानांचा पिवळा कागद खरवडून काढला आणि भिंती पांढऱ्या केल्या. आर्विड म्हणाला, "उजेड वाढला." तेवढंच. तो बरं म्हणाला की वाईट, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर देवदाराचं कपाट होतं. त्यात लोविसाचे कपडे.

"ते कपडे मी हळूहळू काढू का विकायला?" एका सकाळी तिने विचारलं. "नुसते पडून आहेत."

आर्विड पावाला लोणी लावत होता. पावाच्या चारी कडांपर्यंत लोणी पोचलं तरी सुरी थांबेना. मग म्हणाला, "पडून असण्यापेक्षा कुणी घातलेले बरे."

मर्नाने त्याच दिवशी एक राखाडी स्कर्ट खाली नेला. खुंटीला लावला, फोटो काढला, बटण दाबलं.

चित्र आलं. हनुवटीखाली कापलेली बाई, मागे पांढरं. पण हात खाली सोडलेले नव्हते. उजव्या हाताने तिने डावं कोपर धरलं होतं, जरा एका पायावर भार देऊन, एखादी बाई दारात उभी राहून कुणाचं बोलणं ऐकते तशी.

मर्नाला चित्र आवडलं. चला, या बयेला उभं राहायला तरी आलं, असं मनाशी म्हणत तिने ते साइटवर चढवलं. कॉफी संपायच्या आत स्कर्ट विकला गेला होता.

३

दुसऱ्या दिवशी आर्विड पान्हा शोधायला तळघरात आला. पडद्यावर लोविसाचा पांढरा झंपर होता, म्हणजे तो घातलेली ती बाई. पुन्हा कोपर धरलेलं. आर्विड पान्हा हातात घेऊन मर्नाच्या खुर्चीमागे थांबला. त्याचा श्वास तिला मानेवर जाणवत होता.

"ही कोण?"

"कुणी नाही रे. यंत्राने केलेली बाई."

"अस्सं."

तो गेला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कपडा विकला गेला की हिचं काय होतं?"

"काय व्हायचंय? पुसली जाते. कुणी आहेच कुठे ती?"

"हां. तेही खरंच."

त्या दिवसापासून आर्विड अकराच्या सुमाराला तिच्यासाठी कॉफी घेऊन खाली यायला लागला. लग्न झाल्यापासून या माणसाने कधी तिच्या हातात कप दिला नव्हता. मर्ना सुखावली. ट्रूडीला तिने मुद्दाम फोन करून सांगितलंही. "अगं, म्हातारा प्रेमात पडलाय," ट्रूडी म्हणाली. मर्ना लाजली, या वयात.

मग एकदा कॉफी टेबलावर सांडली. आर्विडने कप कडेवर अर्धा ठेवला आणि अर्धा हवेत. कारण त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. तो पडद्याकडे बघत होता. कॉफी मर्नाच्या मांडीवर ओघळली, ती किंचाळून उठली, तेव्हा कुठे त्याची मान वळली. आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्यासाठी नव्हतं. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा तो तिच्याकडे बघत होता.

"भाजलं का?" त्याने विचारलं.

"नाही," मर्ना म्हणाली. भाजलं होतं.

४

मर्ना काही भोळीभाबडी बाई नव्हती. तिने तपासून बघितलं. चर्चच्या विक्रीतला कुणा अनोळखी बाईचा झगा घेतला, फोटो दिला. बाई शिक्षेला उभी. लोविसाचा सदरा दिला. कोपर धरलेलं. पुन्हा अनोळखी कोट, हात खाली. पुन्हा लोविसा, कोपर.

तिने कारण शोधलं आणि ते सापडलंही. कपडा माणसाच्या सवयीने बाक घेतो. बाई जन्मभर कोपर धरून उभी राहिली असेल तर बाही तिथे सैल पडणार, चुण्या पडणार. चुण्यांवरून यंत्र ओळखत असेल. डोकं चालवलं की सगळ्याचा उलगडा होतो. तिने लोविसाचा सदरा उलटा करून बाही दिव्याखाली धरली. तिथे चुणी नव्हती. तिनेच तर वाफ मारून ती घालवली होती.

कंपनीला लिहिलं. गोड शब्दांत उत्तर आलं की उभं राहण्याची तऱ्हा आपोआप निवडली जाते, न आवडल्यास पुन्हा करून बघावं. तिने पुन्हा केलं. पुन्हा, पुन्हा. बाई उभीच होती. दर वेळी एवढंच व्हायचं की मागचं पांढरं जरा मळकं व्हायचं, दुधात चहाचा थेंब पडावा तसं. आणि एका दुपारी त्या मळकेपणात बारीक बारीक पानं दिसली. पिवळी भिंत. पानांचा कागद.

तो कागद मर्नाने स्वतःच्या नखांनी खरवडला होता. नखाखाली त्याची भुकटी आठवडाभर राहिली होती. त्याचा तुकडासुद्धा या घरात उरला नव्हता.

भट्टी बंद पडली. थंडीत ती अधूनमधून थांबतेच. त्या शांततेत वरच्या फरशीची लाकडं कुरकुरली. आर्विड चालत होता. जड पाऊल, मग हलकं. गुडघ्यामुळे तो डावा पाय अलगद टाकायचा. मर्ना मान वर करून ऐकत राहिली. तिला आर्विडची पावलं पाठ होती. आज मात्र ती ऐकता ऐकता तिला वाटलं, हलकी पावलं जरा जास्तच होताहेत.

भट्टी पुन्हा सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. तिने संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर, बाईच्या कोपरापाशी, बोटाचा तेलकट ठसा होता. मोठ्या बोटाचा. तिने तो बाहीने पुसला. बाहीने, जोरजोरात, काच निघून यावी इतका.

५

रविवारी आर्विडची थोरली बहीण बर्निस कॉफीला आली. बर्निस बूट काढता काढता बोलायला सुरुवात करायची आणि बूट घालून झाल्यावर थांबायची.

"भिंती अजून पांढऱ्याच गं? मला आपलं दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. तुला सवय असेल म्हणा." पाव मोडून तोंडात टाकत ती म्हणाली, "पाव छान झालाय. वेलदोडा कमी पडलाय, पण छान झालाय."

"पुढच्या वेळी तुम्हीच करून आणा," मर्ना म्हणाली.

"चिडतेस काय? बरं ते जाऊ दे. तू फार मोठं काम केलंस, मर्ना. मी आर्विडला म्हटलं, असं मन मोठं करणारी बाई लाखात एक."

"मी काय केलं?"

"ते फोटो! आर्विडने दाखवले ना मला फोनवर. मी तर रडलेच. अगदी अश्शी उभी राहायची बघ लोविसा." बर्निसने उठून डावं कोपर धरून दाखवलं. "चुलीपाशी पाव भाजत असायचा आणि ही अशी. एकदा लहानपणी तिथे हाड मोडलं होतं तिचं, हिवाळ्यात ठणकायचं. तुला कसं कळलं? आर्विडने सांगितलं असेल."

मर्नाने आर्विडकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

"तोंड तेवढं नाही त्यात," बर्निस म्हणाली. मग मर्नाच्या मांडीवर थोपटत, "नाही तेच बरं म्हणा तुझ्या दृष्टीने. तोंड असतं तर हा जेवायलासुद्धा वर आला नसता!" आणि आपल्याच विनोदावर मनसोक्त हसली.

बर्निस गेल्यावर मर्नाने भांडी धुतली नाहीत. ती आर्विडसमोर येऊन बसली.

"किती फोटो आहेत तिचे तुझ्या फोनमध्ये?"

"तिचे नाहीत. कपड्यांचे आहेत."

"आणि माझे?"

आर्विड प्रामाणिक माणूस. त्याने खरोखरच फोन उघडून शोधायला घेतलं. बराच वेळ बोट वर-खाली करत होता. शेवटी एक निघाला, दोन उन्हाळ्यांपूर्वीचा. त्यात एक भलामोठा मासा होता, आणि मासा धरलेला मर्नाचा हात.

"हा बघ," तो म्हणाला, आणि त्यालाच ते कसंसं वाटलं.

मर्नाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून नळ सोडून उभी राहिली. मागून आर्विड हळू आवाजात म्हणाला, "मर्ना, एक सांगू? बाकी सगळं वीक. माझं काही म्हणणं नाही. फक्त तो लाल कोट राहू दे. बोटी लागायच्या तेव्हा ती तो घालून धक्क्यावर उभी असायची. इंजिनखोलीतून वर आलो की आधी तो लाल ठिपका दिसायचा मला."

इतकी वाक्यं एका दमात तो मर्नाशी कधी बोलला नव्हता.

"बरं," मर्ना म्हणाली.

६

लाल कोट तिने दुसऱ्याच दिवशी खाली नेला. आर्विड बाहेर बर्फ उपसत होता. फावडं दगडाला घासल्याचा आवाज तळघराच्या वरच्या लहान खिडकीतून येत होता. त्या आवाजाच्या तालावर तिने कोटावर वाफ मारली. कोटाला अजून कसलातरी वास होता, तलावाचा आणि धुराचा. मर्नाला मनात कुठेतरी वाटलं, थांब. एवढी एक गोष्ट त्याने मागितली आहे. मग तिला तो मासा आठवला.

तिने बटण दाबलं.

या वेळी चित्र यायला वेळ लागला. आलं तेव्हा पानांची भिंत स्पष्ट होती, कोपर धरलेलं होतं, आणि चित्र हनुवटीला कापलेलं नव्हतं. हनुवटी होती. तिच्या वर ओठ होते, वयस्कर बाईचे, जरासे उघडे. कुणाला तरी नावाने हाक मारायच्या आधी माणूस ओठ उघडतो तेवढेच. ओठांच्या वर चित्र संपत होतं.

मर्नाने खुर्ची मागे सरकवली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिला वाटलं, सुंदर ओठ आहेत. माझ्याहून सुंदर.

तिने कोट साइटवर चढवला. चढवता क्षणीच विकला गेला. आर्विडचं फावडं थांबायच्या आत तिने तो खोक्यात घालून चिकटपट्टी लावली, पत्ता चिकटवला आणि मागच्या दाराने गाडीत नेऊन ठेवला. टपाल कचेरीतून परत आली तेव्हा आर्विड जेवणाच्या टेबलापाशी बसला होता. सूप निवलं होतं.

"विकलास," तो म्हणाला.

"चुकून गेला. सॉफ्टवेअरने आपोआप..."

"बरं."

तो ओरडला असता तर तिने माफी मागितली असती. त्याने कप फोडला असता तर तिने तुकडे गोळा केले असते. त्याने सूप संपवलं, वाडगा धुऊन ठेवला, आणि त्या दिवसापासून अकराची कॉफी बंद झाली. तो तिच्याशी वाईट वागला नाही. दार उघडून धरायचा, मीठ पुढे करायचा. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी आपण वागतो तसा.

उरलेले कपडे आठवड्याभरात खपले. देवदाराचं कपाट रिकामं झालं. मर्नाने ते आतून पुसलं, स्वतःचे कपडे त्यात लावले. सगळं आता तिचं होतं. संध्याकाळी टेबलापाशी आर्विड पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायचा, आणि ती त्याच्याकडे.

७

निळा स्वेटर मर्नाने स्वतः विणलेला होता. कचेरीत लग्न नोंदवायला गेले तेव्हा तिने तोच घातला होता, आणि आर्विडने बाहीवरचा बर्फ झटकत "छान दिसतो" असं म्हटलं होतं. तो तिला विकायचा नव्हता. एका सकाळी तिला फक्त एवढंच वाटलं की यंत्राने एकदा माझंही चित्र करावं. माझ्या कपड्यातली, माझ्या तऱ्हेने उभी असलेली एक बाई. ती आर्विडला दाखवावी. बघ, मीही अशी असते.

तिने स्वेटर खुंटीला लावला, दिवा सरळ केला. फोटो काढून टेबलापाशी बसली, खुंटीकडे पाठ करून.

चित्र आलं.

बाई बसली होती. आजवर ती कधीच बसली नव्हती. पाठमोरी, निळ्या स्वेटरमध्ये, पांढरेसोनेरी केस वर बांधलेले, मानेवर एक सुटी बट. या खेपेला चित्र कुठेच कापलेलं नव्हतं. समोर टेबल, टेबलावर दोन कप. भिंत पिवळी नव्हती. पांढरी होती, मर्नाने रंगवलेली. वरच्या कोपऱ्यात जिथे तिचा कुंचला छताला लागला होता तो डागसुद्धा होता.

वर खुर्ची सरकली.

आर्विड असेल. आर्विडच असणार, दुसरं कोण असणार? मग आर्विड बोलला. शब्द कळले नाहीत, पण तो सलग बोलत होता, थांबत नव्हता. फोनवर बर्निस असेल. बर्निस त्याला इतकं बोलू देईल? आणि मग तो हसला. मोकळं, पोटातून आलेलं हसू. मर्नाने तो आवाज या घरात कधी ऐकला नव्हता. या माणसाला असं हसता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

ती वळली. खुंटीवर नुसता हँगर होता. हळूहळू झुलत होता.

खाली पडला असेल स्वेटर. तिने खाली पाहिलं. टेबलाखाली, खोक्यांमागे, दांड्यांवरच्या कपड्यांत हात घालून पाहिलं. लोकर, लोकर, कुणाकुणाची लोकर. तिचा नव्हता. वर पुन्हा हसू आलं, आणि या वेळी त्याच्याखाली दुसरं एक हसू होतं, बारीक, दबलेलं, हात तोंडावर धरून हसल्यासारखं.

मर्नाला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही असं नाही. पण जिना चढताना तिच्या छातीत जे धडधडत होतं ते भीतीपेक्षा जुनं होतं. माझं स्वयंपाकघर, असं ती प्रत्येक पायरीला म्हणत होती. माझा कप. माझा स्वेटर. माझा नवरा.

जिन्याच्या वरचं दार बोटभर उघडं होतं. तिने फटीला डोळा लावला.

आर्विडचा चेहरा समोरच होता. खिडकीतून बर्फाचा उजेड त्याच्यावर पडला होता. टेबलावर पुढे झुकून तो इंजिनखोलीतली काहीतरी गंमत सांगत होता, दोन्ही हातांनी चाक फिरवून दाखवत. तो दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्याच्या समोर जे होतं ते दाराआड होतं. मर्नाला दिसत होती फक्त टेबलाची कड आणि तिच्यावर टेकलेली निळी बाही. बाहीवर दुसऱ्या हाताची बोटं होती. वयस्कर, हाडकुळी, कोपराभोवती घट्ट आवळलेली.

काहीतरी विचारलं गेलं, अगदी हळू.

"ती?" आर्विड म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "ती खालीच असते."

मर्नाच्या हातून दार किंचित हललं असावं. आर्विडने वर पाहिलं, थेट त्या फटीकडे, थेट तिच्या डोळ्यात. तिने तोंड उघडलं. त्याच्या नजरेत ओळख आली नाही. त्याने खांदे आवळले, उठला, जड पाऊल, हलकं पाऊल, दारापर्यंत आला.

"खालून गारठा येतोय," तो कुणालातरी मायेने म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

मर्ना अंधारात पायरीवर उभी राहिली. दाराला कडी नव्हती. ढकललं असतं तर उघडलं असतं. तिने हात वर नेला, आणि हात आपणहून जे करायला गेला ते पाहून तिचा तिलाच विश्वास बसेना. आपल्याच स्वयंपाकघराच्या दारावर तिने टकटक केलं.

आत बोलणं थांबलं.

"कोण आहे?" आर्विडचा आवाज. सभ्य, परक्या माणसासाठी राखून ठेवलेला.

"मी," मर्ना म्हणाली. तिचं नाव तिच्या जिभेवर आलंच नाही.

खुर्ची मागे सरकली. आर्विडची नव्हे, दुसरी.

"तू बस," बाईचा आवाज म्हणाला. "मी बघते."

आणि हलकी पावलं दाराच्या दिशेने यायला लागली.